चंद्राचा हिशेब आणि रोजेदाराचे मिनिट

रमजान जवळ आला की कोल्हापुरातील मशिदींत, किराणा दुकानांत आणि बेकऱ्यांत सहर-इफ्तारच्या वेळापत्रकाची कार्डे वाटली जातात. एका बाजूला तारखा आणि वेळा, दुसऱ्या बाजूला देणगीदाराची जाहिरात. ते कार्ड फ्रिजच्या दारावर किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागते आणि पुढचा महिनाभर घराचा सारा कारभार त्याच्या हुकमाने चालतो. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला रोजेदार खजूर हातात घेऊन ज्या मिनिटाची वाट पाहतो, ते मिनिट त्या कार्डावर छापलेले असते. सूर्य मावळण्याआधी चुकून रोजा सोडला तर बहुतेक उलेमांच्या मते तो रोजा नंतर भरून द्यावा लागतो. म्हणून घड्याळ हा या महिन्यात इबादतीचाच भाग होऊन जातो.

रमजानचा हिशेब दोन पातळ्यांवर चालतो. रोजचा रोजा सूर्यावर बांधलेला आहे. उषेची पहिली आडवी रेघ उमटली की सहरी संपते आणि सूर्यबिंब क्षितिजाखाली गेले की इफ्तार. महिना मात्र चंद्रावर बांधलेला आहे. चंद्रकोर दिसली तर रमजान सुरू, पुढची कोर दिसली तर ईद, आणि ढग आले तर तीस दिवस पूर्ण करायचे. या दोन्ही हिशेबांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण ज्या जमिनीवर उभे राहून आकाश पाहतो ती स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे, ही ती गोष्ट. गेली पन्नासहून अधिक वर्षे माणूस हे चंद्रावर लेसरचा प्रकाश टाकूनही मोजतो आहे.

कोल्हापूरचे घड्याळ

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. कोल्हापूर सुमारे ७४.२ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. त्यामुळे कोल्हापूरची खरी स्थानिक वेळ घड्याळातल्या वेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे आहे. घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा कोल्हापूरच्या डोक्यावर सूर्य यायचा असतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो १२ वाजून ४७ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास. जोहरच्या नमाजची वेळ वर्षभर पुढे-मागे सरकत राहते, त्याचे कारण हेच.

याच गणिताने गावोगावची इफ्तार बदलते. मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, मिरजेत सूर्य कोल्हापूरच्या आधी सुमारे दीड मिनिट मावळतो. सोलापुरात साडेसहा-सात मिनिटे आधी, नागपुरात सुमारे १९ मिनिटे आधी. मुंबईत मात्र कोल्हापूरनंतर पाचेक मिनिटांनी. म्हणजे सोलापूरचे कार्ड कोल्हापुरात वापरले, तर सूर्य डोळ्यांसमोर असतानाच रोजा सुटेल. वेळापत्रक छापणारे जाणकार एहतियात म्हणून, म्हणजे खबरदारी म्हणून, दोन-तीन मिनिटे धरतात. पण सात मिनिटांची चूक त्या खबरदारीत मावत नाही.

वेळ एकच असावी की गावाची आपली असावी, हा वादही महाराष्ट्राला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ सोडायला मुंबईकर तयार नव्हते. शहरात दोन वेळांची घड्याळे पुढे कित्येक वर्षे चालली. त्याच १९०६ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकातल्या याच बोर्डिंगच्या मैदानावर आजही ईदच्या नमाजसाठी हजारोंच्या रांगा लागतात.

चंद्रावरचा आरसा

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर झेंडा रोवला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांनी तिथे सुटकेसएवढी एक चौकट ठेवली होती, ते फारसे कुणाला ठाऊक नसते. तिच्यात काचेचे १०० त्रिकोणी लोलक बसवलेले होते. खोलीच्या कोपऱ्यात रबरी चेंडू नेमका फेकला की तो तिन्ही बाजूंना आपटून फेकणाऱ्याकडेच परत येतो. हे लोलक प्रकाशाशी तसेच वागतात. सायकलच्या मागे बसवलेला लाल रिफ्लेक्टर याच तत्त्वावर चालतो. प्रकाश कुठल्याही कोनातून येवो, तो आला त्याच दिशेने परत जातो.

अपोलो १४ ने १९७१ साली अशीच १०० लोलकांची चौकट ठेवली. त्याच वर्षी अपोलो १५ ने ३०० लोलकांची मोठी चौकट नेली. सोव्हिएत संघाच्या लुनोखोद १ आणि लुनोखोद २ या चाकांच्या गाड्यांवर फ्रान्समध्ये बनवलेले परावर्तक होते. त्यातली लुनोखोद १ जवळजवळ चाळीस वर्षे शास्त्रज्ञांना सापडत नव्हती. चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाच्या छायाचित्रांत तिचा ठिकाणा लागला आणि एप्रिल २०१० मध्ये तिच्यावरून लेसरचा प्रकाश परत आला.

मोजणीची कल्पना सोपी आहे. दुर्बिणीतून लेसरचा अत्यंत छोटा झोत चंद्रावरच्या परावर्तकाकडे सोडायचा आणि तो परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. जायला-यायला प्रकाशाला अडीच सेकंद लागतात. हा वेळ एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत मोजला की चंद्राचे अंतर १५ सेंटीमीटरपर्यंत कळते. आजची घड्याळे त्याहून कितीतरी बारीक मोजतात. त्यामुळे उत्तम वेधशाळांची अचूकता मिलिमीटरच्या घरात पोहोचली आहे.

प्रत्यक्ष काम मात्र सब्राची परीक्षा पाहणारे आहे. पृथ्वीवरून निघालेला बारीक झोत चंद्रावर पोहोचेपर्यंत दोनेक किलोमीटर रुंद होतो. त्यातला अगदी थोडा प्रकाश त्या चौकटीवर पडतो. परत येताना तो आणखी पसरून पंधराएक किलोमीटरचा होतो आणि त्यातला चिमूटभर दुर्बिणीत शिरतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या अपाचे पॉइंट वेधशाळेत साडेतीन मीटर व्यासाची दुर्बीण या कामाला लावली गेली. तिच्या एका झोतात १ वर १७ शून्ये एवढ्या संख्येने प्रकाशकण निघत. परत येई तो सरासरी एखादाच. टेक्सासमधील मॅकडोनल्ड वेधशाळा, फ्रान्समधील ग्रास, इटलीतील मातेरा, जर्मनीतील वेट्झेल अशा मोजक्या ठिकाणीच हे वेध घेता आले आहेत.

अंतरातून वेळ कशी कळते?

चंद्राचे अंतर मोजले, तर पृथ्वीचे फिरणे कसे कळते? दुर्बीण जमिनीला बांधलेली आहे आणि जमीन फिरते आहे, यातच त्याचे उत्तर आहे. कोल्हापूरच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे ४४५ मीटर पूर्वेकडे धावते. रंकाळ्याच्या काठावर शांत बसलेला माणूससुद्धा या वेगाने जात असतो. समजा, कोल्हापुरात अशी दुर्बीण असती आणि पृथ्वी ठरलेल्या हिशेबापेक्षा एका सेकंदाचा हजारावा भाग मागे राहिली असती, तर ती दुर्बीण जिथे असायला हवी त्याच्या सुमारे ४४ सेंटीमीटर पश्चिमेला असती. चंद्र पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे कलता असताना हा फरक चंद्राच्या अंतरात स्पष्ट दिसतो. चंद्र कुठे असणार हे गणिताने माहीत, दुर्बीण पृथ्वीवर कुठे आहे हेही माहीत. मोजलेले अंतर आणि अपेक्षित अंतर यांत फरक आला, तर पृथ्वी किती पुढे किंवा मागे फिरली ते निघते.

पृथ्वीच्या फिरण्याची रोजची नोंद आज मुख्यतः अतिदूरच्या क्वेसारांकडून येणाऱ्या रेडिओलहरींवरून ठेवली जाते. पण चंद्रावरच्या लेसरवेधांची मालिका १९६९-७० पासून सलग चालू आहे. इतकी जुनी आणि इतकी स्वतंत्र साक्ष दुसऱ्या आधुनिक साधनाकडे क्वचितच असेल. चंद्राच्या स्थानांची जी कोष्टके आज जगभर वापरली जातात, अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची, ती याच वेधांवर उभी आहेत. चंद्रोदय-चंद्रास्त सांगणाऱ्या अनेक मोबाइल ॲपच्या पोटात हीच कोष्टके असतात.

दिवस लांबतो आहे

या मोजमापातून कळलेली एक गोष्ट म्हणजे चंद्र आपल्यापासून दरवर्षी ३.८ सेंटीमीटर दूर जातो आहे. त्याचे कारण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कुणालाही दिसेल. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते. पण पृथ्वी चंद्रापेक्षा वेगाने फिरत असल्याने भरतीचा फुगवटा थोडा पुढे ओढला जातो. तो फुगवटा चंद्राला पुढे खेचतो आणि चंद्र वरच्या कक्षेत सरकतो. त्या बदल्यात पृथ्वीचे फिरणे मंदावते. चंद्र जेवढे घेतो तेवढे पृथ्वी देते.

हिमयुगानंतर जमीन वर उचलली जाणे यासारखी काही कारणे उलट दिशेनेही काम करतात. सगळा जमाखर्च धरता दिवसाची लांबी शतकाला साधारण १.८ मिलिसेकंदांनी वाढते. ही वाढ नगण्य वाटते, पण ती दररोज साचते. दिवस ठरलेल्या मापापेक्षा फक्त २ मिलिसेकंद मोठा असला, तरी शंभर वर्षांच्या ३६,५२५ दिवसांत ७३ सेकंद जमा होतात. म्हणूनच पृथ्वीच्या फिरण्याशी अणुघड्याळांचा मेळ घालण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा एक ‘लीप सेकंद’ जोडला गेला. शेवटचा सेकंद भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या उंबरठ्यावर आला. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळे भारताची प्रमाणवेळ सांभाळतात. त्या पहाटे तिथे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर ६० वा सेकंद मोजला गेला आणि मगच ५.३० झाले.

पृथ्वी सरळ रेषेत मंदावते, असेही नाही. वारे, समुद्रप्रवाह आणि पृथ्वीच्या पोटातील वितळलेले लोह तिचा वेग सतत कमी-जास्त करत असतात. ऋतूंप्रमाणे वाऱ्यांची ताकद बदलली की दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या हिशेबात बदलते. अलीकडे तर ती उलट दिशेने गेली. ५ जुलै २०२४ चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंद लहान भरला. अशा बेभरवशाच्या घड्याळाला सेकंद जोडत बसण्यापेक्षा ही पद्धत २०३५ पर्यंत बदलायची, असा ठराव २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने केला.

कैरोच्या मशिदीतून आलेली साक्ष

लेसर फक्त पन्नास-पंचावन्न वर्षांचा हिशेब देतो. हजार वर्षांपूर्वी पृथ्वी कशी फिरत होती, हे कोण सांगणार? इथे मुस्लिम खगोलशास्त्रज्ञांच्या वह्या उपयोगी पडल्या.

नवव्या-दहाव्या शतकांत अल-बत्तानी यांनी सीरियातील रक्का येथे ग्रहणांचे वेध घेतले. दहाव्या शतकाच्या अखेरीस इब्न युनूस कैरोत काम करत होते. ९७७ सालचे सूर्यग्रहण पाहण्यासाठी कैरोच्या कराफा भागातील मशिदीत विद्वान मंडळी जमली होती, अशी नोंद त्यांनी ठेवली आहे. ग्रहण सुरू झाले तेव्हा सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर होता, सुटले तेव्हा किती, हे ते लिहून ठेवत. सूर्याची किंवा ताऱ्याची उंची म्हणजेच त्या काळचे घड्याळ. फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या नावाने त्यांनी सिद्ध केलेल्या ‘जीज’मध्ये, म्हणजे खगोलीय कोष्टकांच्या ग्रंथात, या नोंदी राहिल्या. इब्न युनूस १००९ मध्ये वारले.

पुढे युरोपात या नोंदींचे मोल कळले. १६९५ मध्ये एडमंड हॅली यांनी अल-बत्तानींच्या ग्रहणांवरून चंद्राची गती बदलली असावी, अशी शंका मांडली. १८७८ मध्ये अमेरिकेचे सायमन न्यूकम यांनी चंद्राच्या गतीचा अभ्यास करताना अरबी ग्रहणांचा आधार घेतला. विसाव्या शतकात ब्रिटिश संशोधक रिचर्ड स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बगदाद-कैरोच्या नोंदी पुन्हा तपासल्या. पृथ्वी आजच्या अणुघड्याळाच्या ठेक्यावर सदैव फिरत आली असती, तर ती ग्रहणे नोंदलेल्या वेळी झालीच नसती. फरक २५ ते ३० मिनिटांचा निघतो. हजार वर्षांत पृथ्वी एवढी मागे पडली.

या माणसांना हे ठाऊक नव्हते. त्यांच्यासमोर प्रश्न होते नमाजच्या वेळेचे, किबल्याच्या दिशेचे आणि महिन्याच्या आरंभाचे. इब्न युनूस यांच्या कामावर उभी राहिलेली वेळेची कोष्टके कैरोत शतकानुशतके वापरात राहिली. त्यांनी डोळ्यांना जे दिसले ते प्रामाणिकपणे आणि आकड्यांसह लिहिले, एवढ्यावरच हजार वर्षांनंतरचे विज्ञान उभे राहू शकले. चंद्रावर आज अल-बत्तानी, इब्न युनूस आणि अल-बेरुनी यांच्या नावांची विवरे आहेत.

मग चाँद बघायचाच कशाला?

चंद्राचे अंतर मिलिमीटरमध्ये कळत असेल, तर शाबानच्या २९ व्या संध्याकाळी माणसे गच्चीवर आणि रंकाळ्यावर का जमतात? हिलाल कमिटीने रात्री उशिरापर्यंत गावोगावच्या फोनची वाट का पाहावी? तरुण पिढी हा प्रश्न दरवर्षी विचारते. एका शहरात ईद आणि दुसऱ्यात रोजा झाला, की तो प्रश्न घराघरांत शिरतो. लेक कोचीनला, आई-वडील कोल्हापूरला, आणि दोघांची ईद वेगळ्या दिवशी, असे घडते तेव्हा फोनवर शुभेच्छा देतानाही चुटपुट लागते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. चंद्र कुठे आहे, हा गणिताचा प्रश्न आहे आणि तो सुटलेला आहे. चंद्र दिसेल का, हा वेगळा प्रश्न आहे. सूर्य आणि चंद्र यांत आकाशात साधारण ७ अंशांपेक्षा कमी अंतर असेल, तर कोर डोळ्यांना दिसत नाही, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांनी दाखवून दिले. त्यापुढे धूळ, धुके, क्षितिजावरचे ढग आणि पाहणाऱ्याची नजर यांचा प्रश्न येतो. पश्चिमेला सह्याद्रीवर ढगांची पट्टी असेल, तर मिलिमीटरचे गणितही कोर दाखवू शकत नाही.

फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, या प्रश्नावर एकच मत नाही. तुर्कस्तान गणितावर महिना ठरवते. उत्तर अमेरिकेच्या फिकह कौन्सिलने २००६ मध्ये गणित स्वीकारले. भारतात चंद्रदर्शनाच्या साक्षीवर भर आहे. पण या दोन टोकांमध्ये एक जुनी वाटही आहे. चौदाव्या शतकात दमास्कसचे मुख्य काझी तकीउद्दीन सुबकी यांनी म्हटले होते की, चंद्र दिसणे अशक्य आहे असे गणित निश्चितपणे सांगत असेल, तर कुणी तो पाहिल्याची साक्ष दिली तरी ती स्वीकारू नये. त्याच शतकात, त्याच शहरातल्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे ‘मुवक्कित’ होते, म्हणजे मशिदीचे वेळ सांगणारे. ते त्या काळातील आघाडीच्या खगोलशास्त्रज्ञांपैकी एक होते. मशिदीच्या पगारावरचा माणूस आकाशाचे गणित करत होता आणि काझी त्या गणिताला साक्षीच्या पारड्यात जागा देत होता.

ही वाट आजही उपयोगाची आहे. चंद्र सूर्याच्या आधीच मावळला असेल, तर त्या संध्याकाळी ‘चाँद दिसला’ असा कुठूनही फोन आला, तरी तो चुकीचा आहे, हे कमिटीला ठामपणे सांगता येईल. चंद्र सूर्यास्तानंतर बराच वेळ आकाशात असेल, तर तो कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर शोधायचा, हे आधीच कळेल. यात दर्शनाचा हक्क जात नाही. उलट, साक्षीदाराची इज्जत वाढते. कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरचे सरकारी पंचांग चंद्राची स्थिती देते. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा एखादा माणूस हिलाल कमिटीच्या बैठकीत बसला, तर अर्धे वाद तिथेच मिटतील.

पहिल्या रोज्याच्या दुपारी

२०२५ मध्ये भारतात पहिला रोजा २ मार्चला, रविवारी होता. त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी दोनच्या सुमारास ‘ब्लू घोस्ट’ हे अमेरिकी खासगी यान चंद्रावर उतरले. लोक जोहर आटोपून घरी परतले होते, तेव्हा मागल्या संध्याकाळी कोर पाहिलेल्या त्याच चंद्रावर एक नवा लेसर-परावर्तक पोहोचला. पुढे पृथ्वीवरच्या वेधशाळांना त्याच्यावरून प्रकाश परत मिळाला.

भारताचाही एक आरसा तिथे आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर नासाने दिलेला, जेमतेम ५ सेंटीमीटरचा, आठ लोलकांचा छोटा घुमट आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेसर टाकला आणि प्रकाश परत आला. पृथ्वीवरून त्याला गाठता येणार नाही, इतका तो लहान आहे. पण विक्रमचे यंत्र झोपी गेल्यानंतरही तो घुमट चंद्राच्या दक्षिणेकडे खुणेच्या दगडासारखा उभा आहे. त्याला वीज लागत नाही आणि दुरुस्तीही लागत नाही.

सूर्य-चंद्र हिशेबाने चालतात, असे कुरआन सांगते, आणि चंद्रकोरी लोकांसाठी वेळ आणि हज ठरवण्याच्या खुणा आहेत, असेही सांगते. त्या हिशेबाचा एक तुकडा रक्का आणि कैरोच्या विद्वानांनी उंचीच्या अंशांत लिहिला. दुसरा तुकडा आजच्या वेधशाळा प्रकाशकण मोजून लिहीत आहेत. कोल्हापूरच्या रोजेदाराच्या वाट्याला त्यातले एक मिनिट येते. ते मिनिट चुकू नये यासाठी त्याला लेसर लागत नाही. कार्डावर आपल्याच गावाचे नाव आहे ना, ॲपमध्ये शहर मुंबई किंवा सोलापूर राहिलेले नाही ना आणि घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवले आहे ना, एवढे त्याने सहरीपूर्वी एकदा पाहिले तरी पुरे.